सिस्टरचे दोन कॅमेरे

सिस्टरच्या घरात बहुतेक वस्तू आधी दोन यायच्या आणि काही दिवसांनी त्यातली एक नाहीशी व्हायची. मी तिच्याकडे भाड्यानं राहायला गेले त्या आठवड्यात न्हाणीत दोन साबण होते. उजवा हात एकानं धुवायचा, डावा दुसऱ्यानं, असा तिचा महिनाभराचा नेम चालला होता. महिना संपल्यावर तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"सांग, कोनता मऊ?"

मी घाबरून उजवा म्हटलं.

"काहून?"

"कारण असं काही नाही, वाटलं," मी म्हटलं.

"मंग तू पाह्यलंच नाई, पोरी. अंदाज केला. अंदाज नको करू. पाह्य."

तिच्याकडे मी जेवढे दिवस राहिले त्यात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. तांदूळ घ्यायचा तर दोन जातींचा, दोन सारख्या गंजांत, एकाच वेळी चुलीवर. चहापत्तीचंही तेच. भाचीसाठी दोन स्थळं आली तेव्हा तिनं दोन्ही मुलांना वेगवेगळ्या दिवशी जेवायला बोलावलं आणि दोघांनाही काट्यांचे मासे वाढले. ज्यानं काटे ताटाच्या कडेला नीट रचले आणि ताट स्वतः उचललं, त्याला होकार गेला. ती भाची आज बपेऱ्याला सुखात आहे.

सिस्टरनं स्वतः लग्न केलं नव्हतं. का, हे गावात कुणी विचारत नसे. एकदा मी विचारलं. ती लाखोळीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकच आला होता. तुलना कोनासोबत करू?"

ती चिखल्याच्या मॅंगनीज खाणीच्या दवाखान्यात नर्स होती. पस्तीसेक वर्षं तिनं तिथं काढली. निवृत्त झाल्यावर तुमसरच्या रस्त्याला तीन खोल्यांचं घर बांधलं आणि एक खोली भाड्यानं दिली. ती मला मिळाली. मी भंडाऱ्याची, वय चोवीस, जवळच्या हायस्कूलमध्ये कंत्राटी संगणक शिक्षिका. नोकरी संपल्यावरही सिस्टर पांढरंच लुगडं नेसायची आणि खांद्याजवळ पिनेनं उलटं घड्याळ लावायची. रविवारी विहारात वंदनेला जातानासुद्धा ते घड्याळ असायचं. दवाखान्यातले जुने लोक सांगायचे की सिस्टरनं मोजलेला ताप डॉक्टर पुन्हा मोजत नसत. मला त्यात अतिशयोक्ती वाटायची. कॅमेऱ्याच्या प्रकरणानंतर वाटेनाशी झाली.

त्या प्रकरणाची सुरुवात एका फोटोपासून झाली. भागरता नावाची एक म्हातारी वारली. तिनं जन्मभर खाणीच्या वर, उन्हात बसून हातोडीनं खनिज फोडलं आणि निवडलं होतं. त्या धुळीनं माणूस काळं होतंच, आणि भागरता मुळातही काळीच होती. तिचा फोटो घरात एकही नव्हता. मुलीनं आईच्या जुन्या गेटपासावरचा नखाएवढा फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो हार घालून खुर्चीवर ठेवला होता. गुलाबी चेहरा, लाल ओठ, एकही सुरकुती नाही. भागरताची धाकटी बहीण आंधळगावाहून उशिरा पोचली. फुलं वाहायला पुढे झाली आणि थबकली.

"हा कोनाचा फोटो हाय व?" तिनं हळूच सिस्टरला विचारलं.

आम्ही घरी आलो. हातपाय धुऊन झाल्यावर सिस्टर म्हणाली, "पोरी, कॅमेरा घ्यायचा हाय. आपल्या निवडनीवाल्या बायांचे फोटो काढाचे. जितेपनी."

"कोणता घ्यायचा?"

"तेच तर पाहाचं हाय."

तेव्हा मोबाईलमध्ये कॅमेरा असायचा, पण त्यात माणूस ओळखू येईलच असं नव्हतं. खिशात मावणारे छोटे डिजिटल कॅमेरे तुमसरच्या दुकानांत नुकते सर्रास मिळू लागले होते. मी शाळेतल्या इंटरनेटवरून माहिती काढली आणि दोन कॅमेऱ्यांचा तक्ता तयार केला: मेगापिक्सेल, झूम, बॅटरी, मागचा पडदा. माझं काम मला फार आवडलं होतं. सिस्टरनं चष्मा लावून तक्ता पूर्ण वाचला आणि परत दिला.

"हे कंपनीनं सांगतलेलं हाय. कॅमेऱ्यानं काय सांगतलं?"

आम्ही तुमसरला गेलो. दुकानदाराचे वडील खाणीत होते आणि त्यांच्या आजारपणात सिस्टरनं महिनाभर घरी जाऊन इंजेक्शनं दिली होती, म्हणून तो उभा राहूनच बोलत होता. त्यानं तेच दोन कॅमेरे काचेवर ठेवले. एक चंदेरी, एक लाल. किंमत जवळजवळ सारखी. तो मेगापिक्सेल सांगू लागला तसं सिस्टरनं त्याला थांबवलं.

"यात काळं काळं दिसते का?"

"जी?"

"काळी वस्तू. काळी दिसते का?"

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी खाली पाहू लागले.

"दोन्ही नेते. दोन दिवस. एक वापस आनते," सिस्टर म्हणाली. दुसऱ्या कुणाला त्यानं पिशवीतही घालू दिले नसते. तिला त्यानं वर दोन सेल फुकट दिले.

पहिला दिवस काळ्या वस्तूंचा. शनिवार होता, शाळा सकाळची होती. मी आले तर अंगणात खडूनं एक रेघ मारलेली. रेघेवर उभं राहायचं, चंदेरीनं एक फोटो काढायचा, तिथेच उभं राहून लालनं दुसरा. तिनं फोटो काढले छत्रीचे, तव्याचे, स्वतःच्या बुटाचे, दवाखान्यातून निघताना कुणीतरी आठवण म्हणून दिलेल्या मॅंगनीजच्या खड्याचे. तो उन्हात आणि सावलीत, दोन्हीकडे. मग आम्ही रस्त्यापलीकडच्या बोडीवर गेलो. त्या लहानशा तळ्यात एक म्हैस बसली होती. चंदेरीचा फोटो झाला आणि लाल हातात घेईपर्यंत म्हशीनं तोंड फिरवलं.

"झालं की सिस्टर, म्हैस तीच आहे," मी म्हटलं.

"तोंड ते नाई."

आम्ही थांबलो. ऊन चढत होतं. म्हशीला घाई नव्हती आणि सिस्टरलाही नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, "काय सिस्टर, म्हशीचा पासपोर्ट बनवून राहिले का?" सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. अर्ध्या तासानं म्हशीनं तोंड पुन्हा आमच्याकडे केलं आणि लाल कॅमेऱ्याचा फोटो झाला.

दुपारी माझ्या लॅपटॉपवर जोड्या लावून पाहिल्या. शेजारपाजारच्या बायाही जमल्या. चंदेरीचे फोटो देखणे होते, यात वाद नव्हता. आभाळ निळंशार, गवत हिरवंगार, म्हैस धुऊन पुसल्यासारखी. लालचे त्यामानानं उदास वाटायचे. सगळ्या बायांनी चंदेरीला मत दिलं. मीही दिलं. सिस्टर खड्याच्या दोन फोटोंवर अडली होती. चंदेरीत तो साधा राखाडी दगड दिसत होता. लालमध्ये तो काळा होता आणि त्याच्या काळेपणात एक निळसर चमक होती, जी मॅंगनीजमध्ये असते. तिनं खरा खडा पडद्याजवळ धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला.

"उद्या मानसं," एवढंच म्हणाली.

माणसांमध्ये पहिली आली सुमन. ती मासे विकायची. तिचा नवरा तलावात जाळं टाकायचा आणि ती सकाळी टोपली डोक्यावर घेऊन गावभर फिरायची. सिस्टरच्या दारात तिचा मुक्काम ठरलेला. टोपली उतरवायची, सिस्टर एकेक मासा उचलून त्याचे गलफडे उघडून पाहणार, मग घेणार. गावात कुठेही न चालणारी ही तपासणी सुमन हसून सोसायची. चाळिशीची, शिडशिडीत, उन्हानं करपलेली बाई.

"बस या स्टुलावर," सिस्टर म्हणाली.

"मले कायले व सिस्टर? लुगडं मासोळीच्या पान्यानं भिजलं हाय."

"लुगड्याचा नाई, तोंडाचा काढाचा हाय."

सुमन चुन्यानं सारवलेल्या भिंतीला पाठ लावून बसली. लाजून आधी पदर तोंडाला लावला, मग सिस्टरनं डोळे वटारले तसा काढला. चंदेरीनं एक, लालनं एक. त्यानंतर आणखी तिघी-चौघींचे झाले. सुमन टोपली उचलून निघून गेली.

दुपारी पुन्हा लॅपटॉप. सुमनच्या जोडीवर आलो तेव्हा मला आनंदच झाला, कारण आता निकाल लागल्यासारखा होता. चंदेरीत सुमनचा चेहरा उजळ, डोळे पांढरेस्वच्छ. लालमध्ये चेहरा जसाच्या तसा, पण डोळे मळकट, पिवळट.

"पाहा सिस्टर," मी म्हटलं, "लाल कॅमेऱ्याचे रंग बरोबर नाहीत. पिवळं दाखवतो."

सिस्टर पुढे वाकली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"हे मोठं होते का?"

मी फोटो मोठा केला.

"मांगची भिंत दाखव."

मी भिंत दाखवली.

"भिंत पांढरी हाय का?"

"हो."

"पिवळी नाई?"

"नाही. पांढरी आहे."

"आता त्या चांदीवाल्यात दाखव."

चंदेरीत भिंत किंचित निळसर होती. मला ते तोवर दिसलं नव्हतं. सिस्टरनं माझ्याकडे वळून विचारलं, आणि तो तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ताप मोजणाऱ्या सिस्टरचा आवाज असावा तो.

"लाल कॅमेरा पिवळं दाखवते, तर भिंत काहून पिवळी नाई? भिंत पांढरी हाय, मंग डोळे काहून पिवळे?"

मी काही बोलायच्या आत तिनं चपला घातल्या होत्या.

दुपारच्या उन्हात आम्ही तलावाच्या बांधाकडल्या वस्तीत गेलो. सुमन दाराबाहेर बसून जाळ्यातला कचरा काढत होती. सिस्टरनं तिला हात धरून उठवलं, उन्हात आणलं, हनुवटी वर केली आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली.

"लघवी कशी होते?"

सुमननं इकडेतिकडे पाहिलं. "हळदीवानी."

"कवापासून?"

"झाले आठ-पंधरा दिस."

"खाज?"

"रातभर. उन्हाचं असन, सिस्टर. एकानं मंतरलेली माळ देल्ली हाय. उतरून राहिली." तिनं पदराखालची काटक्यांची माळ दाखवली; ती पोटाकडे उतरली की कावीळ उतरते, असं म्हणतात.

"पोटात दुखते?"

सिस्टरनं तिच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तशी सुमन कळवळून खाली बसली.

"कपडे घे. चाल."

"आता? उद्याच्या मासोळीचं कसं करू? घरचे तलावावर गेले हायेत."

"त्याले निरोप देतो आपन. तू चाल."

तिघी रस्त्यावर आलो, काळीपिवळी थांबवली, दोघी गेल्या. जाताना सिस्टरनं घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सेल काढून ठेव दोन्हीतले. गळते." तशा वेळीही तिला ते सुचलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून सुमनला नागपूरला पाठवलं. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता आणि पू धरू लागला होता. शस्त्रक्रिया झाली. तिथल्या डॉक्टरनं म्हणे विचारलं, की हिला कुणी पाठवलं? आणखी तीन-चार दिवस गेले असते तर आमच्या हातात काही नव्हतं, असंही तो म्हणाला. हे मला सुमनच्या नवऱ्यानं सांगितलं. सिस्टरनं कधीच सांगितलं नाही. ती बारा दिवस वॉर्डात सुमनच्या खाटेखाली चादर टाकून झोपली.

इकडे दोन दिवसांचे बारा दिवस झाले. दुकानदार स्कूटरवरून आला. मी त्याला बसवलं, घडलं ते सांगितलं आणि लॅपटॉपवर सुमनचे दोन्ही फोटो दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. "मी तर याच चांदीवाल्याची तारीफ करून विकून राहिलो, मॅडम," तो म्हणाला. मग पाणी प्यायला आणि कॅमेरे न मागता गेला.

सिस्टर परत आली तेव्हा अर्धं गाव दारात होतं. मी तर भारावूनच गेले होते. इतक्या दिवसांत मी चंदेरी कॅमेऱ्याबद्दल वाचून काढलं होतं, की तो चित्रातला पिवळेपणा आपोआप काढून टाकतो, माणूस ताजातवाना दिसावा म्हणून. ते मी उत्साहानं तिला सांगू लागले. म्हटलं, "सिस्टर, तुम्ही फोटोवरून कावीळ ओळखली! असं कुणी केलेलं मी ऐकलं नाही."

ती पायरीवर बसून पाय चेपत होती. म्हणाली, "काय ओळखली? रोज सकाळी ते बाई माझ्यासमोर टोपली उतरवते. हातभर अंतरावर. मी काय पाहत होती? मासोळीचे गलफडे. लाल हायेत का नाई. एकेक उघडून पाहत होती." तिनं पाय चेपायचं थांबवलं. "तिच्या तोंडाकडे नाई पाह्यलं. पंधरा दिवस. पस्तीस वर्स नर्सगिरी केली मी."

दारातली माणसं हळूहळू पांगली. त्या दिवशी मला या बाईची थोडी भीतीही वाटली. आपल्याला जे आयुष्यभर मिरवता आलं असतं, ते तिनं स्वतःविरुद्ध पुरावा म्हणून मांडलं होतं.

चंदेरी कॅमेरा परत करायला आम्ही गेलो. दुकानदार म्हणाला, "तुमचं बरोबर हाय, सिस्टर. पन गिऱ्हाईक यालेच पसंत करते."

"गिऱ्हाइकाले गोरं व्हाचं हाय," सिस्टर म्हणाली. "मले मानूस पाहाचं हाय."

मग तिनं निवडणीवाल्या बायांचे फोटो काढले. एकेकीचा, त्याच भिंतीपुढे, सकाळच्या उन्हात. पण आता आधी कॅमेरा बाजूला असायचा. बाईला उभं करून ती डोळे पाहायची, पापणी ओढून पाहायची, नखं पाहायची, जीभ दाखवायला लावायची. बाया आपसात म्हणायच्या, फोटो काढाले बोलावते अन् दवाखाना करते. तिघींना तिनं तपासायला पाठवलं. एकीला क्षय निघाला, लवकर निघाला म्हणून बरी झाली.

प्रत्येकीला फोटोची एक प्रत मिळाली. जनाबाई नावाच्या म्हातारीनं आपला फोटो हातात घेतला तेव्हा मी तिथे होते. ती साठ वर्षांची असेल. तिनं तो दूर धरला, जवळ आणला. काळा चेहरा, कपाळावर गोंदण, गालांवर सुरकुत्यांची जाळी, भुवईत अडकलेली धूळसुद्धा. मला वाटलं, आता ही नाराज होणार.

"हे मीच हाव का?"

"हाव," सिस्टर म्हणाली.

"एवढी बुढी झाली मी!" म्हातारी बोटानं फोटोतला गाल चाचपू लागली. मग पदरानं फोटो पुसला, पोलक्यात ठेवला आणि म्हणाली, "पन हाव मीच."

माझं कंत्राट संपलं आणि मी भंडाऱ्याला परतले. लग्न झालं, दुसरी नोकरी लागली. सिस्टरकडे वर्षातून एखादी फेरी व्हायची. लाल कॅमेरा पुढे बिघडला. तिनं दुसरा घेतला नाही. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत आणि त्यातले सगळे चेहरे चंदेरी कॅमेऱ्यापेक्षाही गोरे येतात. लोक तिला दाखवतात. ती पाहते आणि फोटो परत देऊन समोरच्याचं तोंड पाहते.

मागच्या हिवाळ्यात गेले तर तिच्या एका डोळ्यावर काळ्या चष्म्याचा तुकडा चिकटवलेला. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. तिनं एकाचीच शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि दुसरी मुद्दाम महिनाभर पुढे ढकलली होती. का, ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

"जुन्या डोळ्यानं पाह्यलं तं सारं पिवळं दिसते, पोरी. नव्यानं पाह्यलं तं पांढरं. म्हंजे किती दिवसापासून मले पिवळं दिसून राहिलं असन!"

मला एकदम सुमन आठवली. म्हटलं, "मग तेव्हाही तसंच असेल, सिस्टर. तुमचे डोळेच—"

"नाई." तिनं मला तिथेच तोडलं. "तवा डोळे चांगले होते. फोटोत दिसलं ना मले? अंदाज नको करू."

तिनं मला हात धरून अंगणात, उन्हात आणलं. डोळ्यावरचा तुकडा काढला, आधी एक डोळा झाकून माझ्याकडे पाहिलं, मग दुसरा झाकून. सावकाश, जशी म्हशीच्या वेळी ती उभी राहिली होती तशी. तिचे हात आता थरथरतात, पण अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली तेव्हा तो अजिबात थरथरला नाही.

"रक्त कमी झालं हाय तुझ्यात," ती म्हणाली. "थकते का?"

थकत होते. गेले चार महिने जिना चढताना मध्ये थांबत होते. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कामाचा ताण असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"उद्या तपासून घे," सिस्टर म्हणाली. "अन् मले फोन कर."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी तपासून घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला तो मी दवाखान्याच्या पायरीवर उभ्याउभ्या वाचला, हिमोग्लोबिन सात निघालं होतं, आणि तिथूनच तिला फोन लावला.